काँक्रीटचे तडे विजेने बुजवता येतात का?

लाटांकाठी

नमस्कार मंडळी. एका जुन्या धक्क्याच्या देखभालीचं काम माझ्याकडे आहे. खाऱ्या पाण्यात उभे खांब, त्यांवर तुळया, वर स्लॅब. भरतीला तुळयांचं बूड पाण्यात जातं, ओहोटीला उघडं पडतं. नेमक्या याच पट्ट्यात तडे गेले आहेत. बहुतेक तडे तुळईच्या लांबीला आडवे आहेत, रुंदी ०.२ ते ०.३ मि.मी. दोन ठिकाणी मात्र तडा मुख्य गजाच्या रेषेतच लांबवर गेलाय, तिथे तांबूस डाग उतरलेत आणि हातोडीने ठोकलं की पोकळ आवाज येतो.

इपॉक्सी इंजेक्शनचा प्रस्ताव आलाय. पण पाणी तिथून कधी हटतच नाही, त्यामुळे तडा कोरडा कसा करायचा हा प्रश्न आहे. शोधता शोधता असं वाचनात आलं की गजांना वीज जोडून समुद्राच्या पाण्यातली खनिजंच तड्यात बसवता येतात. हे खरंच होतं का? किती दिवस टिकतं? आणि सगळ्यात महत्त्वाचं, यात गजांचं काही नुकसान होत नाही ना? कुणी केलं असेल, किंवा यावर अभ्यास असेल, तर कृपया सविस्तर लिहा.

थापी

वाचतोय. इंजेक्शनची कामं करतो म्हणून एवढं नक्की सांगतो की खाऱ्या पाण्याने भरलेल्या तड्यात साधं इपॉक्सी नीट चिकटत नाही. ओल्यात चालणारी रेझिनं मिळतात, पण तड्याच्या आतल्या बाजूंवर मीठ आणि शेवाळ बसलेलं असतं. पॅकर (रेझिन दाबाने आत सोडायची तोटी) लावून कितीही दाब दिला तरी ते धुऊन निघेलच असं नाही. विजेचं मात्र माझ्यासाठी नवीन आहे.

विद्युत्कण

धागा काढलात ते बरं केलं. गंज आणि विद्युतरसायन हाच माझा विषय आहे, त्यामुळे जरा लांबण लागेल.

होतं, खरंच होतं. यातलं तत्त्व फार साधं आहे. काँक्रीटमधले गज एकदिश वीजपुरवठ्याच्या ऋण टोकाला जोडायचे, म्हणजे ते ऋणाग्र झाले. बाहेर पाण्यात टायटॅनियमची जाळी ठेवायची आणि ती धन टोकाला जोडायची. प्रवाह सुरू केला की गजाच्या पृष्ठभागावर पाणी आणि त्यात विरघळलेला ऑक्सिजन इलेक्ट्रॉन घेतात आणि हायड्रॉक्साइड आयन तयार होतात. म्हणजे गजाभोवती आणि तड्याच्या आत अल्कली वाढत जाते. उलट दिशेने, बाहेरच्या पाण्यातले मॅग्नेशियम आणि कॅल्शियमचे धन आयन ऋणाग्राकडे ओढले जातात. तडा हा त्यांच्यासाठी सगळ्यात सोपा रस्ता, कारण पाण्याने भरलेल्या तड्याचा विद्युतरोध आजूबाजूच्या घट्ट काँक्रीटपेक्षा खूप कमी असतो. आत जाणारं मॅग्नेशियम आणि बाहेर येणारं हायड्रॉक्साइड जिथे भेटतात तिथे साका धरतो, म्हणजे विरघळलेलं खनिज घन होऊन बसतं. पीएच साधारण साडेनऊच्या आसपास गेला की मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड, म्हणजे ब्रुसाइट, बसायला लागतं. पाण्यात बायकार्बोनेट असतंच, त्याचं कार्बोनेट होऊन कॅल्शियम कार्बोनेटही सोबत बसतं. मॅग्नेशियम भरपूर असल्यामुळे ते बहुधा कॅल्साइट न होता अॅरागोनाइट होतं (दोन्ही त्याचेच स्फटिकप्रकार).

मला या पद्धतीतली सगळ्यात सुंदर गोष्ट ही वाटते की भरण कुठे जायला हवं ते आपल्याला शोधावं लागत नाही. जिथे तडा गजापर्यंत पोचलाय तिथेच प्रवाह जास्त वाहतो आणि तिथेच भरण जास्त होतं.

यातली निरीक्षणं तशी जुनीच आहेत. हम्फ्री डेव्हीने १८२४ मध्ये जहाजांच्या बुडाचे तांब्याचे पत्रे वाचवण्यासाठी त्यांना जस्त आणि लोखंडाचे तुकडे जोडले. तांबं गंजायचं थांबलं आणि त्यावर पांढरा थर बसला. तो थर चुन्याच्या आणि मॅग्नेशियाच्या संयुगांचा होता हे त्याने तपासून लिहूनही ठेवलं. तुमच्या तड्यात बसेल तो पदार्थ हाच. पुढे १९७० च्या दशकात वुल्फ हिल्बर्ट्झ या वास्तुरचनाकाराने समुद्रात लोखंडी जाळ्या सोडून, कमी दाबाची वीज देऊन त्यांवर दगडासारखा थर वाढवायचे प्रयोग केले. त्यातून नंतर प्रवाळांसाठीचे सांगाडे आले. काँक्रीटचे तडे बुजवण्यासाठी हे तंत्र मुख्यतः जपानमध्ये पुढे नेलं गेलं. तिथल्या स्थापत्य अभियंता संस्थेच्या विद्युतरासायनिक गंजप्रतिबंधाच्या मार्गदर्शिकेत कॅथोडिक संरक्षण (गज ऋणाग्र करून गंज रोखणं), क्लोराइड काढणं आणि अल्कली परत आणणं यांच्या जोडीला हीसुद्धा एक पद्धत म्हणून आहे.

आता तुमचे आडवे तडे आणि गजाच्या रेषेतले तडे. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि निर्णय त्यावरच अवलंबून आहे. आडवे तडे बहुधा वाकण्याचे किंवा आकुंचनाचे असतील. तडा आधी गेला आणि मग त्यातून मीठ शिरलं. गजाच्या रेषेतला तडा उलटा असतो. आधी गज गंजला, गंजाचं आकारमान मूळ लोखंडाच्या दुपटीहून बरंच जास्त होतं, त्याने काँक्रीट आतून फोडलं. ठोकल्यावर पोकळ वाजतं म्हणजे कव्हरचा, गजावरच्या काँक्रीटचा, पापुद्रा सुटलेला आहे. तिथे विजेने काहीही बसवू नका. सुटलेलं काँक्रीट काढून, गज मागून-पुढून साफ करून, दुरुस्ती मॉर्टरने भरून घ्यावंच लागेल. आडव्या तड्यांसाठी मात्र या पद्धतीचा जरूर विचार करा.

अभ्यासू

फारच माहितीपूर्ण प्रतिसाद, धन्यवाद. एक शंका. हा साका किती बसतो याचं काही गणित मांडता येतं का? की लावायची वीज आणि बघत बसायचं?

विद्युत्कण

@अभ्यासू, मांडता येतं, आणि मांडायलाच हवं. फॅरडेचा नियम (किती वीज वाहिली त्यावरून किती पदार्थ तयार होतो ते सांगणारा) इथे सरळ लागू होतो.

या कामासाठी प्रवाह साधारणपणे काँक्रीटच्या पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरला ०.५ ते १ अँपिअर असा धरतात. १ अँपिअर एक दिवस म्हणजे ८६,४०० कूलोम. भागिले ९६,४८५, म्हणजे साधारण ०.९ मोल हायड्रॉक्साइड. ब्रुसाइटच्या एका रेणूला दोन हायड्रॉक्साइड लागतात, म्हणून ०.४५ मोल ब्रुसाइट, वजनाने सुमारे २६ ग्रॅम, आकारमानाने ११ घन सेंटिमीटर. सगळं एकसारखं पसरलं तर चौरस मीटरवर दिवसाला जेमतेम ११ मायक्रॉनचा थर.

आता तडा घ्या. १ मीटर लांब, ०.२ मि.मी. रुंद आणि गजापर्यंत ५० मि.मी. खोल. आतली पोकळी फक्त १० घन सेंटिमीटर. म्हणजे कागदावर एका दिवसाचा प्रवाह पुरला! प्रत्यक्षात आठवडे लागतात, कारण बरंचसं हायड्रॉक्साइड साक्यात न अडकता पाण्यात निघून जातं, बराच साका तड्याऐवजी पृष्ठभागावर बसतो, आणि मॅग्नेशियमला तड्याच्या आत पोचायलाही वेळ लागतो.

याच गणिताची दुसरी बाजू लोक विसरतात. २६ ग्रॅम ब्रुसाइटला ११ ग्रॅम मॅग्नेशियम लागतं. समुद्राच्या पाण्यात ते लिटरला साधारण १.३ ग्रॅम असतं. म्हणजे दर चौरस मीटरला रोज आठ-नऊ लिटर पाण्यातलं सगळं मॅग्नेशियम संपायची तयारी हवी. तुळईखाली १० सें.मी. खोलीची पेटी बांधून पाणी साठवलंत, तर चौरस मीटरमागे १०० लिटर झालं आणि कागदी हिशोबाने बारा दिवसांत ते मॅग्नेशियमविना कोरडं पडेल. तेव्हा पाणी बदलतं ठेवायलाच हवं. उघड्या समुद्रात ही अडचण येत नाही.

थापी

@विद्युत्कण, जास्त प्रवाह सोडला तर काम लवकर उरकणार नाही का? साइटवर पहिला प्रश्न हाच येणार.

विद्युत्कण

नाही, थापीदादा. प्रवाह वाढवला की साका तड्याच्या तोंडाशीच घाईने धरतो आणि तोंड बंद होतं. आतली पोकळी तशीच राहते. वरून पांढरी शुभ्र रेषा दिसते, सगळ्यांना वाटतं तडा भरला, आणि कोअर (काँक्रीटमधून कापून काढलेला दंडगोल) काढून उभा कापला की पहिल्या काही मिलिमीटरच्या खाली मोकळी जागा सापडते. शिवाय घाईने बसलेला साका भुसभुशीत असतो, त्यात ब्रुसाइट जास्त. नखाने खरवडला तरी निघतो. हळू बसलेल्यात कार्बोनेटचं प्रमाण जास्त आणि तो दाट, कठीण. हिल्बर्ट्झच्या जाळ्यांवरही हेच दिसलं होतं. म्हणून काही संशोधकांनी प्रवाह सलग न देता थांबूनथांबून द्यायचा प्रयोग केला. मधल्या विश्रांतीत ताजे आयन आत शिरतात आणि भरण खोलवर जातं.

द्रावण बदलूनही फरक पडतो. मॅग्नेशियम क्लोराइड, मॅग्नेशियम सल्फेट, झिंक सल्फेट अशी द्रावणं प्रयोगशाळांत वापरली गेली आहेत. जस्ताचं भरण आतपर्यंत चांगलं जातं. पण समुद्रातल्या कामात जस्त पाण्यात सोडणं मला योग्य वाटत नाही. जलचरांना ते घातक आहे. जिथे द्रावण पेटीत बंदिस्त ठेवून नंतर नीट गोळा करता येतं, तिथेच त्याचा विचार करावा.

घरवाला

माझ्या घराच्या गच्चीला तडे आहेत आणि पावसात खाली ओल येते. वरच्या प्रतिसादांवरून वाटतंय की मीठ घातलेलं पाणी साठवून बॅटरी चार्जरने हे घरीच करता येईल. कुणी सांगेल का कसं?

विद्युत्कण

@घरवाला, कळकळीने सांगतो, हे करू नका.

पहिली गोष्ट, जोडणी उलटी झाली, म्हणजे गज धन टोकाला लागले, तर गजच विरघळायला लागतात. १ अँपिअर प्रवाह एका दिवसात २५ ग्रॅम लोखंड खातो, वर्षाला ९ किलो. वरून काहीही दिसत नाही. दुसरी गोष्ट, स्लॅबमधले सगळे गज एकमेकांना विजेच्या दृष्टीने जोडलेले असतात असं गृहीत धरता येत नाही. जो गज जोडणीत नाही, त्याच्या एका टोकातून प्रवाह आत शिरतो आणि दुसऱ्या टोकातून बाहेर पडतो. जिथून बाहेर पडतो तिथे तो गंजतो. तिसरी, स्वयंपाकाचं मीठ घातलेल्या पाण्यात मॅग्नेशियम जवळपास नसतंच, त्यामुळे बसण्यासारखं त्यात काही नाही. धनाग्राशी मात्र क्लोरीन वायू सुटतो, आणि वीज बंद केल्यावर तेच मीठ स्लॅबमध्ये मुरतं.

गच्चीचे तडे उन्हाने रोज उघडझाक करतात. हा साका ठिसूळ असतो, हलत्या तड्यात टिकत नाही. तिथे लवचीक सीलंट आणि वरून नीट जलरोधक थर हाच मार्ग. आधी पाण्याचा उतार आणि निचऱ्याची तोंडं बघून घ्या, कित्येकदा मूळ कारण तिथेच सापडतं.

थापी

+१. हलत्या तड्यात कडक काहीच भरायचं नाही. इपॉक्सीचंही तेच आहे. तडा बुजतो आणि शेजारी नवा जातो. आधी तड्यावर खुणा करून किंवा तडामापक चिकटवून तो जिवंत आहे की थांबलाय ते बघा, मग ठरवा.

पूलवाला

चर्चा छान चाललीय, पण एक धोक्याची सूचना ठळक अक्षरांत हवी म्हणून लिहितो. लाटांकाठी, तुमच्या तुळया प्रबलित (साध्या गजांच्या) आहेत की पूर्वताणित (आधीच ताणलेल्या उच्चबल तारांच्या)? जुन्या धक्क्यांवर दोन्ही सापडतात. पूर्वताणित असतील तर एवढा प्रवाह अजिबात देऊ नका.

कारण असं. १ अँपिअर प्रति चौरस मीटरला गजाचं विभव (विजेची पातळी) इतकं खाली जातं की पाण्याचंच विघटन होऊन हायड्रोजन सुटतो. त्यातला काही अणुरूपात पोलादात शिरतो. साध्या गजाला त्याचं फारसं काही वाटत नाही. पण ताणाखाली असलेल्या उच्चबल तारांमध्ये तो ठिसूळपणा आणतो आणि तार आगाऊ इशारा न देता तुटू शकते. पूर्वताणित पोलादाच्या कॅथोडिक संरक्षणात म्हणूनच सिल्व्हर क्लोराइड विजाग्राच्या (विभव मोजायच्या संदर्भ-टोकाच्या) तुलनेत उणे ९०० मिलिव्होल्टच्या खाली जाऊ देत नाहीत. तडा भरण्याच्या किंवा क्लोराइड काढण्याच्या प्रवाहाला ही मर्यादा पाळणं जमत नाही. कॅथोडिक संरक्षणाला पोलादाच्या दर चौरस मीटरला २ ते २० मिलिअँपिअर पुरतात आणि इथे तुम्ही अख्खा अँपिअर देताय, यातच सगळं आलं.

लाटांकाठी

@पूलवाला, फार मोलाची सूचना. मूळ रेखाचित्रं काढून पाहिली. तुळया साध्या प्रबलित आहेत, स्लॅबही जागेवर ओतलेला आहे. फक्त एका बाजूला नंतर वाढवलेल्या भागात पूर्वताणित पट्टे बसवले आहेत आणि ते गजांनी जुन्या तुळयांशी बांधलेले दिसतात.

पूलवाला

मग तो भाग विजेच्या दृष्टीने तोडल्याशिवाय पुढे जाऊ नका. बांधणीचे गज एकमेकांना टेकले असतील तर तारांपर्यंत प्रवाह पोचणार. तोडता येत नसेल तर त्या टोकाच्या तुळया या कामातून वगळा. माझं मत विचाराल तर वगळाच.

विद्युत्कण

पूर्ण सहमत. त्यात आणखी एक तपासणी जोडतो. खडी कोणती आहे? ऋणाग्राकडे फक्त मॅग्नेशियम जात नाही, काँक्रीटमधले सोडियम आणि पोटॅशियमही गजाभोवती गोळा होतात आणि अल्कलीचं प्रमाण वाढतं. खडीत प्रतिक्रियाशील सिलिका असेल तर अल्कली-सिलिका अभिक्रिया चेतवली जाऊ शकते. ती काँक्रीटला फुगवते आणि नवे तडे पाडते. कोअर काढणारच आहात तर एक तुकडा पातळ छेदासाठी भूवैज्ञानिकाकडे पाठवा. आणि गजांवर इपॉक्सीचा लेप असेल तर हा विषय तिथेच संपतो, लेपातून प्रवाह जात नाही.

आता फायद्याची बाजूही सांगतो, नाहीतर नुसत्या भीतीच घातल्यासारखं होईल. तडा भरण्याइतकंच महत्त्वाचं दुसरं काम याच प्रवाहाने होत असतं. क्लोराइड हा ऋण आयन, तो गजापासून दूर धनाग्राकडे ढकलला जातो. गजाभोवती अल्कली परत येते, म्हणजे पोलादावरचा संरक्षक पापुद्रा पुन्हा जमायला परिस्थिती तयार होते. क्लोराइड काढण्याची जी स्वतंत्र पद्धत आहे तीही १ अँपिअरच्या आसपास, काही आठवडेच चालवतात. आठ आठवडे म्हणजे चौरस मीटरला १,३४४ अँपिअर-तास, हा आकडा तिथल्या नेहमीच्या टप्प्यातच बसतो. सगळं मीठ निघत नाही, गजांच्या मागच्या बाजूचं बरंचसं राहतं. पण इपॉक्सी इंजेक्शनने गजाजवळचं मीठ कणभरही हलत नाही, उलट ते आत बंद होतं. मला ही पद्धत समुद्रातल्या कामासाठी मनापासून पटते ती मुख्यतः या कारणाने.

थापी

पण मग ताकदीचं काय? इपॉक्सीने तडा सांधला जातो, दोन्ही बाजू पुन्हा एक होतात. तुमचा साका ते करतो का?

विद्युत्कण

नाही करत, आणि कुणी तसं सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. ब्रुसाइटची कठीणता मोहच्या मापावर २.५, अॅरागोनाइटची ३.५ ते ४. तड्याच्या बाजूंना हा साका धरून राहतो, पाणी अडवतो, ऑक्सिजन आणि मीठ अडवतो. पण ताण घेत नाही. तडा भारामुळे पडला असेल आणि तुळईची क्षमताच कमी पडत असेल, तर संरचना अभियंत्याकडून मजबुतीकरणाचा आराखडा करून घ्यावा लागेल. थापीदादा, तिथे तुमचं इंजेक्शन किंवा बाहेरून प्लेट, फायबर वगैरे लागणारच.

अभ्यासू

अवांतर वाटलं तर क्षमस्व, पण गज नसलेल्या काँक्रीटचं काय? धरणाची भिंत वगैरे?

विद्युत्कण

अवांतर कसलं. आत गज नसेल तर ऋणाग्रच नाही. प्रयोगशाळेत तड्याच्या दोन बाजूंना दोन विजाग्रं ठेवून, आयन तड्यातून आरपार ओढून साका बसवलेला आहे. पण त्यासाठी भिंतीच्या दोन्ही बाजूंना पोचता यायला हवं आणि जाडी माफक हवी. धरणाच्या जाडीला ते व्यवहार्य नाही, तिथे सिमेंट किंवा रेझिनचं ग्राउटिंगच.

तसंच, ०.१ मि.मी. किंवा त्याहून बारीक तडा सतत ओला राहत असेल तर बऱ्याचदा तो आपोआपच भरत येतो. उरलेलं सिमेंट पाण्याशी अभिक्रिया करतं आणि चुना कार्बोनेट होऊन बसतो. त्याला वीज द्यायची गरजच नाही.

लाटांकाठी

सगळ्यांचे मनापासून आभार. आता थोडं प्रत्यक्ष कामाचं विचारते. पाणी भरती-ओहोटीने खालीवर होतं, तर मंडल सलग कसं ठेवायचं? आणि गजांना जोडणी किती ठिकाणी करायची?

विद्युत्कण

तुळईच्या बुडाला आणि दोन्ही अंगांना बसणारी पाणीबंद पेटी करून घ्या, कडांना रबराची पट्टी. आत काँक्रीटपासून थोडं अंतर सोडून धातू-ऑक्साइडचा लेप असलेली टायटॅनियम जाळी, मध्ये प्लास्टिकचे अंतरक. जाळी गजाला किंवा उघड्या बांधणीच्या तारेला कुठेही टेकता कामा नये. टेकली की सगळा प्रवाह त्या एकाच जागेतून जाईल आणि बाकीच्या तड्यांना काहीच मिळणार नाही. समुद्राचं पाणी छोट्या पंपाने फिरतं ठेवा, म्हणजे ओहोटीलाही मंडल तुटणार नाही आणि मॅग्नेशियमही ताजं मिळत राहील. पेटीला वरून वायू निघायला वाट हवीच. जाळीशी क्लोरीन सुटतो, हायड्रोजनही थोडा असतो. तुळयांखालची जागा कोंदट असते, माणसं तिथे काम करत असतील तर वायुवीजन आणि वायुमापक याबाबतीत तडजोड करू नका.

जोडणीसाठी प्रत्येक तुळईत निदान दोन ठिकाणी गज उघडा करा. गज घासून चकचकीत करा, तार जोडा आणि सांधा इपॉक्सीने झाका. त्याआधी गजागजांमधला रोध मोजा. १ ओहमच्या आत आणि स्थिर आला तर जोडणी चांगली. जास्त आला तर तिथे गज उघडून वेल्ड करून जोडून घ्या. ज्या दोन ठिकाणी पोकळ काँक्रीट फोडणारच आहात, तिथेच ही जोडणी करून टाका, वेगळं फोडायला नको. मात्र तिथल्या दुरुस्ती मॉर्टरचा विद्युतरोध जुन्या काँक्रीटपेक्षा फार वेगळा नसावा, नाहीतर प्रवाह असमान वाहील. पॉलिमर भरपूर असलेलं मॉर्टर या कामाला टाळा.

व्होल्टेज ४० च्या आत ठेवा, प्रवाह स्थिर ठेवणारा रेक्टिफायर (एकदिश वीज देणारं यंत्र) घ्या. साका बसत जाईल तसा रोध वाढतो आणि तेवढाच प्रवाह द्यायला व्होल्टेज चढत जातं. हा चढ रोज नोंदवून ठेवा, भरण होतंय की नाही याची ती सगळ्यात स्वस्त खूण आहे. व्होल्टेज चढलंच नाही तर जाळी कुठेतरी टेकलीय का ते आधी बघा.

पूलवाला

आणि सुरू करायच्या आधी ध्रुवता (कोणतं टोक धन, कोणतं ऋण) तपासणं हे एकाच माणसाचं काम ठेवू नका. एकाने जोडायचं, दुसऱ्याने मीटरने तपासून सही करायची. वर २५ ग्रॅमचा हिशोब आलाच आहे.

लाटांकाठी

हे सगळं आराखड्यात घालते. पहिल्यांदा एकाच तुळईवर करून बघायचा विचार आहे. शेवटचा प्रश्न. झाल्यावर ते जमलं हे कसं ओळखायचं? गजाचं विभव मोजायचं यंत्र आमच्याकडे आहे. उणे ३५० मिलिव्होल्टचा नियम तिथे वापरता येईल का?

विद्युत्कण

एका तुळईपासून सुरुवात, उत्तम. आणि शेजारची तशीच एक तुळई वीज न देता तुलनेसाठी सोडा.

तड्यावर कोअर घ्या, तड्याला काटकोनात कापा आणि भिंगाखाली भरण किती खोल गेलंय ते मोजा. वरच्या पांढऱ्या रेषेवर जाऊ नका. प्रवाह बंद झाला की उघड्या पृष्ठभागावरचं ब्रुसाइट समुद्राच्या पाण्यात हळूहळू विरघळतं, कारण त्या पाण्याचा पीएच ८ च्या आसपास असतो. तड्याच्या आत काँक्रीटची अल्कली असल्याने तिथलं टिकतं. त्यामुळे काही महिन्यांनी पृष्ठभाग उघडा दिसला तरी काम वाया गेलं असं समजू नका, आणि पांढरा दिसला तरी जमलं असंही नाही. कोअरच्या बाजूने गजापर्यंतच्या थराथराची पूड काढून क्लोराइड तपासा. वीज देण्याआधीचे नमुने आजच काढून ठेवा, तेव्हाच तुलना करता येईल.

विभवाचं जपून. उणे ३५० मिलिव्होल्ट हा आकडा कॉपर सल्फेट विजाग्राच्या तुलनेतला आहे, त्याखाली गंज चालू असण्याची शक्यता ९० टक्क्यांहून जास्त धरतात. पण तो साध्या, हवेशी संपर्क असलेल्या काँक्रीटसाठी. इतके आठवडे प्रवाह दिल्यावर गज ध्रुवित झालेला असतो, म्हणजे त्याचं विभव नैसर्गिक पातळीपासून ढळलेलं असतं. वीज बंद केल्या-केल्या मोजलंत तर आकडा भयंकर खाली येईल आणि त्याचा गंजाशी काही संबंध नसेल. तो वर यायला कित्येक आठवडे, कधी महिनेही लागतात. त्याच जागी, त्याच भरतीच्या पातळीला पुन्हा पुन्हा मोजत जा आणि आकडा स्थिरावला की मगच वाचा. सतत पाण्याखाली राहणाऱ्या भागात तर ऑक्सिजनच पोचत नसल्याने, गंज नसतानाही विभव बरंच खाली दिसतं. त्यामुळे तुमच्या खांबांच्या खालच्या भागासाठी हा नियम वापरूच नका. तुळयांच्या भिजत्या-सुकत्या पट्ट्यातले आकडे मात्र शेजारच्या वीज न दिलेल्या तुळईशी ताडून बघा आणि इथे टाका, आपण मिळून वाचू.